दुसरा पाव

रोज सकाळी सव्वासहाला रुस्तेममामा बेकरीत जाऊन एक पाव आणायचा. तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा आणि बूटही न काढता वळून पुन्हा चार जिने उतरायचा, दुसरा पाव आणायला.

"दोन एकदम आणता येत नाहीत का?" आई विचारायची. "पाय काय भाड्याचे आहेत?"

"दोन एकदम मागितले तर एकदाच बोलायला मिळतं," मामा म्हणायचा.

पहिल्या खेपेला त्याचं वाक्य हमखास चुकायचं. बेकरीतली बाई ते दुरुस्त करून पावाबरोबर त्याच्या हातात द्यायची. मामा ते चार जिने चढताना घोकायचा, चार जिने उतरताना घोकायचा आणि दुसऱ्या खेपेला बरोबर म्हणायचा. कधी पावाबद्दल, कधी हवेबद्दल, कधी नुसतंच "आज तुम्ही दमलेल्या दिसता" असं. रांगेतली माणसं त्याला ओळखायला लागली होती.

"आलात का परत?" बाई म्हणायची. "पहिला वाटेत खाल्लात वाटतं!"

"पहिला माझा. दुसरा बायकोचा," मामा म्हणायचा.

खरं तर दुसरा पावही तोच खायचा, दहाच्या सुट्टीत, कामावर. बायको तेव्हा दीड हजार किलोमीटर दूर होती.

मामा सेहेचाळिसाव्या वर्षी जर्मनीत आला. माझी आई त्याची धाकटी बहीण. ती लग्न होऊन आमच्या देशातल्या लढाईच्या आधीच इथे आली, मी इथेच जन्मले. मामा मात्र कोसोव्होत, पेया शहराच्या वरच्या अंगाला डोंगरात, आपल्या गावातच राहिला. दगडी कुंपणं बांधायचा. शकुर्तेमामी दोन गाई सांभाळायची. मूलबाळ नव्हतं. मग इथल्या एका फरसबंदी करणाऱ्या कंपनीला दगड बसवणारी माणसं हवी होती, आणि मामाला दगडाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. करार झाला. आमच्या डोक्यावरच्या पोटमाळ्याच्या खोलीत तो राहायला आला.

कामावर यायला त्याला भाषेची अट नव्हती. मामीला होती. नवऱ्याकडे यायचं तर तिने आधी राजधानीत, प्रिश्तिनाला जाऊन जर्मनची पहिली परीक्षा पास व्हायची, मग व्हिसा.

"बाहेर काम करणारा मुका असला तरी चालतो," मामा हसून म्हणायचा. "घरात बसणारीला मात्र बोलता आलं पाहिजे."

पहिल्यांदा मामी परीक्षेला गेली तेव्हा तिला स्वतःच्या नावातली अक्षरं एकेक करून सांगायला सांगितलं. तिला आपलं नाव आठवेना. बसने परत येताना तिने मामाला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग मामा म्हणाला, "उद्यापासून रोज संध्याकाळी सहा वाजता. दूध काढून झालं की. मी जेवढं शिकेन तेवढं तुला देईन."

तेव्हापासून त्याची वही सुरू झाली. पिवळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यांवर सिमेंटचे डाग असलेली.

शिकायला तो वर्गात कधी गेला नाही. वर्ग दिवसा, कामाच्या वेळेत असायचे. त्याचा वर्ग म्हणजे बेकरी, रस्ता आणि आमच्या इमारतीचा जिना. आमच्याकडे जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एका घराची असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर सुतळीने एक लाकडी पाटी लटकते. आठवडा संपला की जिना धुऊन ती पुढच्या दारावर नेऊन अडकवायची. पाटी चुकवायची म्हणजे मोठाच गुन्हा. तळमजल्यावरच्या हेर्लेबाई त्या पाटीच्या पोलीस होत्या. वय एक्याऐंशी, कंबरेतून वाकलेल्या, नजर मात्र कोपऱ्याकोपऱ्यात. आमची पाळी आली की मामा झाडू घ्यायचा आणि हेर्लेबाई दार उघडून खुर्ची टाकून बसायच्या.

"अरं रुस्तेम, कोपरा ऱ्हायला की! तिथं काय तुजी सासू निजलीया?"

"सासू नाही बाई. धूळ."

"मग उचल तिला. आन् पायरीला 'तो' नगं म्हनू. पायरी बाई हाय."

"आणि झाडू?"

"झाडू गडी."

"आणि खिडकी?"

"खिडकी 'ते'."

मामा झाडू टेकून उभा राहायचा. "पायरी बाई, झाडू पुरुष, खिडकी धड ना बाई ना पुरुष. मग झाडणारा मी कोण?"

"तू मुकाट्यानं झाड," हेर्लेबाई म्हणायच्या आणि खुदकन हसायच्या.

आमच्या भाषेत क्रियापद आधीच येऊन जातं; जर्मनमधलं वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद त्याला मुकादमाने शिकवलं. मुकादमाने एकदा लांबून ओरडून सांगितलं, "तो डावीकडचा मोठा दगड आज कुणीही..." एवढं ऐकून मामाने दगड उचललाही होता. "...हलवायचा नाही!" वाक्याचा शेवट येईपर्यंत खालची सगळी वाळू ढासळली होती. मामीला तो हे सांगताना मी खोलीत होते. "शेवटपर्यंत थांबायचं, शकुर्ते," तो सांगत होता. "या लोकांचं खरं म्हणणं शेवटी असतं. आधी दगड उचलायचा नाही." फोनमधून मामीचं हसणं ऐकू येत होतं. गावात चित्र नीट दिसायचं नाही, गोठून जायचं, म्हणून ते नुसत्या आवाजावर बोलायचे. एक तास. त्यातली वीस मिनिटं जर्मन असायचं. बाकी गाईचं, पावसाचं, शेजारच्या भांडणाचं, "तू काय जेवलास"चं. मामाला साधी सर्दी झाली तरी पहिल्या वाक्यालाच मामी म्हणायची, "नाकातून बोलतोयस. लोकरीचा बनियन घातला नाहीस ना?"

भूतकाळ तेवढा तो शिकायचा नाही. "झालेल्याचं काय करायचं बोलून," म्हणायचा. "तिला यायचंय. येणारं आधी शिकू."

दुसऱ्या परीक्षेला मामी ऐटीत गेली. परत आल्यावर फोनवर तिचा आवाज केवढा उंच चढला होता. "मी किती बोलले म्हणून सांगू! ती परीक्षा घेणारी बाई तर हसायलाच लागली. पत्रही लिहिलं, पानभर. फक्त ते टेपवर ऐकवतात ना, ती माणसं मला कुठल्या तरी दुसऱ्याच देशातली वाटली."

सहा गुण कमी पडले.

त्या संध्याकाळी मामाने आपली वही माझ्यापुढे ठेवली. मी तेव्हा विद्यापीठात जर्मन साहित्य शिकत होते, आणि त्या दिवसापर्यंत ती वही मी एकदाही उघडली नव्हती. "बघ तर मिमोझा. चूक कुठे आहे?"

मी पानं उलटली. चुका नव्हत्या. म्हणजे, चुका म्हणता येतील असं काही नव्हतं. प्रत्येक वाक्यात मला हेर्लेबाई ऐकू येत होत्या. आमच्या भागातली बोली: शब्दांची शेपटं खाऊन टाकणारी, प्रत्येक वस्तूला लाडाने लहान करणारी, घराला घरुलं म्हणणारी, मांजराला मांजरुलं. मामाने ऐकलं तसं लिहिलं होतं. मामीने तसंच पाठ केलं होतं. आणि मी याच बोलीत वाढले होते, म्हणून वर्षभर माझ्या कानाला काहीच खटकलं नव्हतं.

"मामा, हे परीक्षेतलं जर्मन नाही. हे इथलं बोलणं आहे. या चार दऱ्यांतलं."

"म्हणजे हेर्लेबाईंना जर्मन येत नाही?"

"येतं, पण..."

"ऐंशी वर्षं त्या जर्मनीत आहेत, पोरी."

मामाने वही स्वतःकडे ओढली आणि एका पानावर बोट ठेवून थांबला.

"शाळेतलं आणि चुलीजवळचं. आपल्याकडे असतं तसं?"

"तसंच."

"हं." त्याने वही मिटली. "गावातल्या शाळेत मास्तर मला छड्या मारायचे, घरातलं बोललो की. मला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. हातात टोपी होती, परक्याच्या घरात आल्यावर धरतात तशी. "माझा सहाचा तास तू घे," तो म्हणाला. "तिला पुस्तकातलं शिकव. मी रविवारी पाच मिनिटं बोलत जाईन, आपल्या भाषेत."

"अरे, पण तुम्ही दोघं रोज बोला की. मी सातला शिकवीन."

"मी फोन धरला की ती विचारणारच, आज काय शिकलास. आणि मी सांगणारच. माझ्या तोंडातलं तिच्या तोंडात जातं, मिमोझा. आधी ते तिथून निघून जाऊ दे."

आईने त्याला वेड्यात काढलं. तो ऐकला नाही.

अशी ती थंडी गेली. सहा वाजता मी खोलीचं दार लावून बसायचे. मामी वेळेची पक्की होती. मी टेप लावायचे, ती ऐकायची. मी विचारायचे, ती सांगायची. पहिले काही आठवडे ती घरुलं, मांजरुलं म्हणायची आणि मी सुधारायचे. मग ती सुधारली. तिच्या बोलण्यातून हेर्लेबाई एकेक शब्द करून निघून गेल्या. कधी तास संपताना मामी हळूच विचारायची, "तो जेवला का?" मी हो म्हणायचे.

मामा जिना झाडायचाच. पण आता हेर्लेबाई बोलायच्या आणि तो फक्त मान हलवायचा.

"काय रं, जीभ कुनी नेली तुजी?"

"विश्रांतीला गेलीय, बाई."

डिसेंबरात त्याला खोकला लागला. दगड कापताना धूळ उडते, सगळेच खोकतात, असं तो म्हणाला. आईने गावाकडचा डोंगरी चहा करून दिला. डॉक्टरकडे जा म्हटलं तर "परीक्षा होऊ दे" म्हणाला. कामावरच्या आपल्याच एका माणसाने त्याच्या डोक्यात भरवलं होतं की आजारपणाची चिठ्ठी दिली की ती फाइलला लागते, आणि बायकोच्या कागदांबरोबर कंपनीचं जे पत्र लागतं, ते मग धड मिळत नाही. तसं काही नसतं. पण मामाने ते कुणाला विचारलं नाही. आमच्यातली माणसं कागदाबद्दल विचारत नाहीत. विचारलं की कागद बिघडतो असं आम्हाला वाटतं. ताप अंगात घेऊन तो बर्फात दगड बसवत राहिला.

दर रविवारी तो मामीशी पाच मिनिटं बोलायचा, घड्याळ समोर ठेवून. पाच मिनिटं खोकला दाबता येतो. तासभर दाबता येत नाही.

माझ्या खोलीच्या वरच त्याची खोली होती. संध्याकाळी छतातून खोकला ऐकू यायचा. टेप नीट ऐकू जावी म्हणून मी फोन खिडकीजवळ नेऊन ठेवायचे. जानेवारीतल्या एका दिवशी मामी मधेच थांबली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "कोण खोकतंय?"

"जर्मनमध्ये विचार," मी म्हटलं.

तिने विचारलं. एक शेवट चुकला होता. मी तो सांगितला, तिने पुन्हा म्हटला, या वेळी बरोबर. मी शाबास म्हटलं आणि आम्ही पुढच्या पानाकडे वळलो.

फेब्रुवारीच्या शेवटी मामी पास झाली. शंभरात त्र्याऐंशी. निकाल कळला तेव्हा मामा कामावरून नुकताच येऊन खुर्चीत बसला होता, कोट अंगातच. उठून त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. पिवळी वही शेल्फवरून काढून त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मामा तीनदा बेकरीत गेला. तिसऱ्या खेपेला त्याने काहीच मागितलं नाही. "माझी बायको येणार आहे," एवढंच सांगितलं. बेकरीतली बाई काउंटरमागून बाहेर आली, हात एप्रनला पुसले आणि त्याच्याशी हस्तांदोलन केलं. हे तिनेच नंतर आईला सांगितलं. "एका दमात म्हणाला, एकही चूक नाही. पण दम कसला, नुसती धाप लागली होती."

परत येताना तो पहिल्या मजल्याच्या खाली पायरीवर बसला. हेर्लेबाई दारात आल्या.

"आरं, पायऱ्या झाडायच्या असत्यात. बसायच्या न्हाईत."

मामा हसला म्हणे. मग त्यांना त्याचे निळे पडलेले ओठ दिसले. त्या वाकलेल्या बाईने कठडा धरून खालूनच आमच्या नावाने अशी हाक मारली की चारही मजल्यांची दारं उघडली.

फुप्फुसं दोन्हीकडून भरली होती. त्याखाली वर्षानुवर्षांची दगडाची धूळ होती, गावातल्या कुंपणांची आणि इथल्या रस्त्यांची. डॉक्टरांनी मला सगळं नीट, पूर्ण वाक्यांत सांगितलं. मी ते आईला सांगितलं तेव्हा निम्मं गाळलं. मामाने मामीला फोनवर सांगितलं की थंडी बाधली आहे, आठ दिवसांत घरी जाईन. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मे महिन्यातली होती. तिला त्याआधी येताच येत नव्हतं. आणि खरं काय ते आम्ही तिला सांगितलं नाही, कारण मामाने तसं वचन घेतलं होतं. "तिला तिकडे एकटीला कशाला," तो म्हणाला. "आल्यावर बघेलच की."

मार्चमधल्या एका गुरुवारी पहाटे मामा गेला. मी बेकरी उघडायची वाट पाहत बाहेर उभी होते तेव्हा आईचा फोन आला.

आमच्यातली गेलेली माणसं पुरायला शेवटी तिकडे गावीच नेतात. आई आणि मी त्याच विमानाने गेलो. गावात अजून बर्फ होता. पुरुष एका खोलीत बसले होते, आम्ही बायका दुसऱ्या. बिनसाखरेची कॉफी फिरत होती. आल्यागेल्या बायका मामीला मिठी मारायच्या, दोन शब्द बोलायच्या, भिंतीशी जाऊन बसायच्या. टीव्हीच्या वर काचेला टेकवून मामीचं प्रमाणपत्र ठेवलं होतं. ते काढून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरलेली असताना मामी माझ्याशेजारी येऊन बसली. समोर बघतच तिने विचारलं, जर्मनमध्ये, म्हणजे तिथे आणखी कुणाला कळू नये म्हणून:

"त्या दिवशी कोण खोकत होतं?"

प्रत्येक शेवट बरोबर होता. भूतकाळसुद्धा. तो मीच तिला शिकवला होता.

"मामा," मी म्हटलं.

तिने मान हलवली. शेजारच्या म्हातारीने काहीतरी विचारलं, त्याला तिने आपल्या भाषेत उत्तर दिलं. मग ती उठली आणि रिकामे पेले गोळा करायला लागली. नंतर तिने मला फक्त वहीबद्दल विचारलं. मी ती तिच्या हातात दिली. त्यानंतर जर्मनमध्ये ती माझ्याशी कधी बोलली नाही. मे महिन्यातली मुलाखत मी कळवून रद्द केली.

आम्ही परत आलो तेव्हा पाटी आमच्या दारावर असायला हवी होती. नव्हती. खाली हेर्लेबाईंच्या दारावर लटकत होती. मी काढायला गेले तर दार उघडलं.

"ऱ्हाऊ दे. त्याची पाळी म्या करतीया." हातात ओलं फडकं होतं. "तुमचं पोर लई चांगलं बोलाय लागलं हुतं. कुनी म्हनलं नसतं भाइरचा हाय म्हनून."

मामाला मी शेवटची भेटले ती बुधवारी दुपारी. नाकात नळी होती, पण चेहरा त्या दिवशी जरा टवटवीत होता. ताटातलं जेवण तसंच पडलं होतं. "हा काय पाव आहे? कापूस आहे," तो म्हणाला. नर्सने खिडकी उघडली तेव्हा तिचे त्याने हेर्लेबाईंच्या बोलीत आभार मानले, आणि ती, तिथलीच असल्यामुळे, त्याच बोलीत काहीतरी म्हणून हसत गेली. मी निघताना म्हटलं, उद्या सकाळी येताना बेकरीतून पाव आणते.

"दोन आणू?"

त्याने जरा विचार केला.

"एकच आण," मामा म्हणाला. "दुसरा मी नंतर जाऊन आणीन."